पेंचच्या रिसॉर्टमधे आईचं नाव वाढवायचं होतं, 22,685 रुपये गेले

नाताळच्या सुट्ट्यांत पेंचच्या जंगलात जायचं आमचं दिवाळीपासून ठरलं होतं. पोरांची शाळा, यांची बुटीबोरीची ड्युटी हे सगळं जुळवून खवासाच्या पुढे एका रिसॉर्टमधे शनिवार-रविवार दोन रात्रींची फॅमिली रूम मी ट्रॅव्हल अ‍ॅपवरून बुक केली, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून 14,600 रुपये, पूर्ण पैसे आधीच भरले आणि कॅन्सल केलं तर काहीच परत नाही असं बुकिंग. रूममधे दोन मोठे आणि दोन लहान एवढंच अलाउड होतं.

गुरुवारी दुपारी आर्वीहून आई आली. अचानकच आली, शेतातल्या तुरीच्या शेंगा भरलेली थैली घेऊन, म्हणे पोरांना सुट्ट्या आहेत तर चार दिवस राहते. बाबा गेल्यापासून ती अशी स्वतःहून कुठं निघतच नाही, त्यामुळे मला इतका आनंद झाला, आणि तिला नागपूरला मानेवाड्याच्या घरी एकटीला ठेवून आपण जंगलात जायचं हे तर शक्यच नव्हतं. यांनी फोनवर लगेच सांगितलं, आईंना पण घे, एक गादी जास्तीची टाकायला सांग. आई नाही नाही म्हणत होती आणि शेवटी एका अटीवर तयार झाली की तिचे पैसे ती देणार. पेन्शनमधले दोन हजार तिने माझ्या हातात ठेवले पण.

आता अ‍ॅपमधे जाऊन पाहिलं तर बुकिंगमधे तारीख बदलायचं बटण होतं, माणूस वाढवायचं नव्हतं. लिहिलं होतं की एक्स्ट्रा गेस्टसाठी प्रॉपर्टीशी संपर्क करा. मग मी काय केलं, जे कोणीही करतं तेच केलं, गूगलवर रिसॉर्टचं नाव टाकलं, मॅपवर त्यांचं पान आलं, फोटो तेच, रिव्ह्यू तेच, खाली नंबर, लावला. माझ्या ईमेलमधे जे बुकिंगचं व्हाउचर आलं होतं त्याच्या दुसऱ्या पानावर रिसॉर्टचा खरा नंबर छापलेला होता. ते व्हाउचर मी उघडूनच पाहिलं नाही.

फोन एकाच रिंगमधे उचलला. अगदी गोड आवाज, मागे रिसेप्शनसारखा आवाज येत होता, हिंदीत बोलत होता. मी सांगितलं की आमचं शनिवारचं बुकिंग आहे आणि माझ्या आईला अ‍ॅड करायचंय. तो म्हणाला, "जी मॅडम, बुकिंग आयडी बताइए." मी सांगितला. "किस नाम से है?" सांगितलं. मग दोन मिनिटं थांबवलं आणि म्हणाला, "हां मॅडम, दिख रहा है, फॅमिली रूम, दो रात, दो अ‍ॅडल्ट दो बच्चे, बराबर?" मला वाटलं बुकिंग त्याच्यासमोर उघडलंय. आता शांतपणे आठवते तेव्हा कळतं की हे सगळं मीच पहिल्या मिनिटात बोलून गेले होते, त्याने फक्त मला परत वाचून दाखवलं. त्याच्याकडे काहीच नव्हतं. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून राहिली आहे कारण पुढचा सगळा विश्वास त्या एका वाक्यावर बसला.

रेट त्याने अगदी बरोबर वाटेल असा सांगितला, जास्तीची गादी आणि दोन्ही दिवसांचं जेवण मिळून 1,800, त्यावर 5 टक्के जीएसटी 90, एकूण 1,890. म्हणाला की सुट्ट्यांचा सीझन आहे, गाद्या मोजक्याच आहेत, आत्ता भरलं तरच कन्फर्म, आणि आईचा आधार व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, गेस्टची एंट्री करायची असते. हॉटेलात प्रत्येकाचं ओळखपत्र मागतातच, म्हणून त्यातही काही वावगं वाटलं नाही. मी आईच्या आधारचा दोन्ही बाजूंचा फोटो पाठवून दिला. क्यूआर कोड आला, स्कॅन केला तर नाव एका माणसाचं दिसलं, रिसॉर्टचं नाही. मी विचारलं सुद्धा! तो म्हणाला अकाउंटवाले सर का है. मी 1,890 भरले.

पाच मिनिटांनी त्याचाच फोन. पेमेंट सिस्टिममधे होल्डवर दिसतंय, परत एकदा तेवढेच टाका, दोन्ही एकत्र क्लिअर होतील आणि जास्तीचे आपोआप परत येतील. त्याच वेळी कुकरच्या शिट्ट्या होऊन राहिल्या होत्या, लहान्याचं रडणं चालू होतं, यांचा फोन लागत नव्हता कारण प्लांटमधे नेटवर्क नसतं, मी परत 1,890 टाकले. मग तो म्हणाला आता रिफंडची प्रोसेस करू, तुम्हाला एक टोकन नंबर देतो, 18905, हा यूपीआयमधे अमाउंटच्या खान्यात टाका, ये पेमेंट नहीं है मॅडम, टोकन है, इससे सिस्टिम आपका अकाउंट पहचानेगा. मी अमाउंटच्या खान्यात तो आकडा टाकला. पिन टाकला.

खात्यातून अठरा हजार नऊशे पाच रुपये गेल्याचा मेसेज आला तेव्हा फोन माझ्या कानालाच होता. तो तेव्हाही शांत होता, म्हणे सर्व्हर की गलती, एक बार और टोकन डालिए, पूरा एक साथ वापस आएगा. तिथे मी फोन कट केला. हात थरथरत होते. आई समोरच शेंगा सोलत बसली होती, तिने विचारलं काय झालं, मला सांगताच येईना.

यांचा फोन लागेपर्यंत पाऊण तास गेला, त्यातही मी त्या नंबरवरच परत परत लावून पाहत होते, विनवण्या करत होते. तो वेळ मी 1930 ला द्यायला हवा होता. 1930 हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा हेल्पलाइन नंबर आहे, पैसे गेले की तिथे लवकरात लवकर फोन करायचा, कारण तुमची तक्रार सिस्टिममधे पडली की ती पुढच्या बँकेपर्यंत जाते आणि पैसे त्या खात्यातून निघाले नसतील तर तिथेच अडवता येतात. पैसे अशा लोकांकडे एका खात्यात थांबत नाहीत, एकातून दुसऱ्यात आणि तिसऱ्यात आणि मग एटीएममधून बाहेर. त्यांनी मला प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी रेफरन्स नंबर विचारला, तो यूपीआय अ‍ॅपमधे त्या पेमेंटवर टॅप केलं की दिसतो, तो हाताशी ठेवूनच फोन करा, मी शोधत बसले त्यात आणखी दहा मिनिटं गेली. नंतर cybercrime.gov.in वर स्क्रीनशॉटसकट पूर्ण तक्रार भरली आणि दुसऱ्या दिवशी सायबर पोलिसांकडे जाऊन अर्ज दिला.

बँकेत गेले तर तिथल्या मॅडम चांगल्या बोलल्या पण स्पष्ट बोलल्या. रिझर्व्ह बँकेचा जुलै 2017 चा नियम आहे की तिसऱ्याच कोणी सिस्टिम फोडून पैसे काढले, त्यात तुमची किंवा बँकेची चूक नसली आणि तुम्ही तीन वर्किंग दिवसांत कळवलं तर तुमच्यावर बोजा येत नाही, पण इथे पिन मीच टाकला होता. कळवेपर्यंतचं नुकसान माझं. 18,905 मधले 6,200 एका खात्यात अडवले गेलेत असं कळलं आहे, ते अजून माझ्याकडे आलेले नाहीत, पाठपुरावा चालू आहे.

पिनबद्दल एवढंच सांगते, पैसे येताना पिन लागत नाही. कधीच नाही. रिफंड असो, कॅशबॅक असो, टोकन असो, पिन विचारला म्हणजे पैसे जाणारच. हे मला माहीत होतं हो. टीव्हीवर, बँकेच्या मेसेजमधे शंभरदा वाचलेलं होतं, पण तो माणूस "पिन टाका" म्हणालाच नव्हता, तो म्हणाला टोकन टाका, आणि पुढचं बोटांनी सवयीने केलं.

आईच्या आधारचं मला पैशांपेक्षा जास्त टेन्शन आहे. त्याच रात्री आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून तिचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक केलं, दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तिच्या नावावर किती सिम आहेत ते पाहिलं, सुदैवाने तिचं एकच निघालं, तेव्हापासून दर महिन्याला पाहते. कोणाला आधार पाठवायचंच असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करून पाठवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि खरं म्हणजे आधी पाठवायची गरजच नव्हती.

ते असं कळलं. त्याच संध्याकाळी व्हाउचरवरच्या नंबरला फोन लावला तर मॅनेजर म्हणाले की आम्ही एक्स्ट्रा माणसाचे पैसे फोनवर घेतच नाही, चेक इनच्या वेळी काउंटरवर द्यायचे, ओळखपत्रही तिथेच पाहतो, फक्त आधी कळवा म्हणजे गादी ठेवतो. गादी, नाश्ता, जेवण धरून दोन रात्रींचे 1,500 अधिक जीएसटी, बिल देणार. आणि मग ते म्हणाले, मॅडम या महिन्यात असा फोन करणाऱ्या तुम्ही तिसऱ्या आहात, मॅपवर आमचा नंबर कोणीतरी बदलून राहिलंय.

तिसरी! मला त्या वेळी इतका राग आला. मॅपवरच्या पानावर कोणीही "बदल सुचवा" करून नंबर टाकू शकतं हे मला माहीत नव्हतं, पण त्यांना तर माहीत झालं होतं ना, मग ज्यांची बुकिंग आहेत त्या सगळ्यांना एक साधा मेसेज टाकायला काय हरकत होती की आमचा खरा नंबर हा आहे आणि आम्ही आधी पैसे मागत नाही. हे मी त्यांना काउंटरवर उभी राहून सांगितलं, चार लोक ऐकत होते तरी सांगितलं. त्यांनी माफी मागितली, आता रिसेप्शनवर तसा बोर्ड लावलाय, पण बोर्ड वाचायला माणूस तिथं पोचल्यावर काय उपयोग, पैसे तर घरी बसल्या जातात. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर विभागाने एप्रिल 2025 मधेच लोकांना सावध केलं होतं की चारधामची हेलिकॉप्टर तिकिटं, गेस्ट हाउस, हॉटेल यांच्या खोट्या साइट आणि जाहिराती बनवून फसवतात. मी ते वाचलं होतं आणि वाटलं होतं ते केदारनाथला जाणाऱ्यांसाठी आहे.

गेलो आम्ही, कारण 14,600 परत मिळणार नव्हते. आई मात्र येत नव्हती. म्हणाली माझ्यापायी झालं हे सगळं, मी आलेच नसते तर झालं नसतं. तिला समजावता समजावता मी आणि हे दोघंही थकलो, शेवटी मोठीने आजीची पिशवी स्वतः भरली तेव्हा ती गाडीत बसली. दोन दिवस ती गप्पच होती, रात्री त्या जास्तीच्या गादीवर झोपायला तयार होईना, म्हणे मी खालीच चटईवर पडते. सफारीला हरणं दिसली, रानगवे दिसले, पोरं खूश होती, आणि मी आईच्या तोंडाकडे पाहत होते.

तो खोटा नंबर मी मॅपवर रिपोर्ट केला, संचार साथीवर संशयास्पद कॉल कळवायची चक्षू म्हणून सोय आहे तिथे टाकला, तक्रारीत दिला. आठवड्याभरात तो तिथून गेला. परवा सहज त्या रिसॉर्टचं पान परत उघडून पाहिलं तर तिथे आणखी एक वेगळाच नंबर आहे, आणि व्हाउचरवरचा तो नाही. मी परत रिपोर्ट केलाय आणि मॅनेजरलाही कळवलंय. तोवर तुमचं त्या बाजूला कुठलंही बुकिंग असेल आणि आत्या, मामा, मैत्रीण कोणीही ऐनवेळी वाढलं, तर आधी ईमेलमधलं व्हाउचर उघडा, खाली पहा, नंबर तिथेच असतो.