ग्लोबचा उन्हाळी हंगाम: यार्डात उभं राहायचं की गॅलरीत बसायचं?

लंडनच्या ग्लोबमध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या काळातल्या थिएटरच्या धर्तीवर पुन्हा बांधलेल्या नाट्यगृहात, उन्हाळ्यातल्या प्रयोगांची तिकिटं काढताना नाटक आणि तारीख ठरली की एकच प्रश्न उरतो. छप्पर नसलेल्या यार्डात उभं राहून बघायचं, की भोवतीच्या गॅलरीत छपराखाली लाकडी बाकावर बसून? दोन्ही करून पाहिलं आहे आणि आता सहसा यार्डाचंच तिकीट काढतो. पण सगळ्यांना आणि सगळ्या नाटकांना ते चालेल असं नाही, म्हणून दोन्ही बाजू नीट मांडतो.

आधी पैशांचं बघू, कारण एक नाटक बघायचं की पूर्ण हंगाम, हे पुष्कळदा तिथेच ठरतं. 1997 साली हे थिएटर उघडलं तेव्हापासून बरीच वर्षं यार्डाचं तिकीट 5 पौंड होतं. अलीकडे ते वाढलं आहे, तरी बाकाच्या तिकिटापुढे स्वस्तच. चांगल्या बाकाच्या एका तिकिटात यार्डाची चार-पाच तिकिटं सहज निघतात. एकदाच जाणार असाल तर हा फरक फारसा जाणवत नाही. पण एप्रिल-मे ते ऑक्टोबर या काळातली तीन-चार नाटकं बघायची असतील, किंवा एखादं इतकं आवडलं की पुन्हा जावंसं वाटलं, तर बाक परवडत नाही आणि यार्ड परवडतं. यार्डात सुमारे 700 जणांना उभं राहता येतं, म्हणजे एकूण प्रेक्षकांतले जवळजवळ निम्मे. त्यामुळे गॅलरीतल्या चांगल्या जागा संपून गेल्या तरी यार्डाची तिकिटं बऱ्याचदा शिल्लक असतात.

माझ्यापुरता निर्णय पैशांनी नाही, खांबांनी केला.

ग्लोबच्या रंगमंचावर पुढच्या बाजूला दोन जाड ओक लाकडाचे खांब आहेत. रंगमंचावरचं रंगवलेलं छत, ज्याला तिथे ‘हेवन्स’ म्हणतात, त्यांच्यावर उभं आहे. सोळाव्या शतकातल्या रचनेला धरून ते बांधलेले आहेत, काढता येणार नाहीत, आणि दिसतातही सुरेख. पण यार्डाभोवती वीस बाजूंच्या इमारतीत तीन मजली गॅलरी आहे. तिच्यात तुम्ही कुठे बसता त्यावर खांब तुमच्या नजरेत कुठे येणार हे ठरतं, आणि एकदा बसलात की तो शेवटपर्यंत तिथेच राहतो. रंगमंचाच्या अगदी समोरच्या भागात बसलात तर खांब दोन बाजूंना जातात, मधली जागा मोकळी दिसते, फक्त मागच्या भिंतीतले बाजूचे दोन दरवाजे अर्धवट झाकले जातात. तेवढं चालून जातं. थोडं बाजूला सरकलात की जवळचा खांब नेमका मधोमध येतो, आणि महत्त्वाची भाषणं तर मधोमधच होतात. ग्लोबमध्ये काम करणारे नट हे जाणतात. ते एका जागी फार वेळ थांबत नाहीत, बोलता बोलता फिरत राहतात, म्हणजे एकाच बाजूचा प्रेक्षक सतत वंचित राहू नये. तरीही दोन पात्रं समोरासमोर उभी राहून बोलू लागली, त्यातलं एक खांबामागे गेलं आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरूनच पहिल्याचं उत्तर ओळखावं लागलं, की नाटक हातातून निसटतं. मला तरी निसटतं.

यार्डात खांब तेवढेच जाड आहेत, पण आपण हलू शकतो. अर्धं पाऊल डावीकडे, मान जरा तिरकी, आणि चेहरा दिसतो. गर्दी असली तरी एवढी जागा मिळते, शेजारचेही तेच करत असतात. हा एवढासा फरक गॅलरीतल्या कुठल्याच तिकिटात विकत मिळत नाही, आणि माझा तराजू त्यानेच झुकला.

बाकांविषयी आणखी एक गोष्ट जागांच्या नकाशावर दिसत नाही. त्यांना पाठ नाही. पहिल्या रांगेपुढे कठडा असतो, आणि पाठ दुखू लागली की पहिल्या रांगेतले लोक कठड्यावर कोपरं टेकवून पुढे वाकतात. त्यांची डोकी मधे आली की दुसरी रांग वाकते, मग तिसरी. मध्यंतराच्या सुमारास अख्खा कप्पा पुढे झुकलेला दिसतो. म्हणून बसायचंच ठरवलं तर दोनच रांगा घ्याव्यात असं माझं मत आहे: पहिली, म्हणजे पुढे कुणी नाही आणि टेकायला कठडा आहे, किंवा अगदी शेवटची, म्हणजे पाठ भिंतीला टेकते. मधल्या रांगांत दोन्हीची उणीव भासते. उशी भाड्याने मिळते, ती घ्यावीच. साध्या लाकडावर तीन तास बसणं आणि तीन तास उभं राहणं यांत, उशी नसेल तर, फारसा फरक राहत नाही.

आता यार्डाचे तोटे, कारण ते खरे आहेत.

सगळ्यात मोठा तोटा पायांना. प्रयोग चालू असताना यार्डात खाली बसू देत नाहीत. घडीचं स्टूल नेता येत नाही. सुरू होण्याआधी आणि मध्यंतरात जमिनीवर बसता येतं, त्याचा पुरेपूर फायदा घ्यावा. पहिल्या तासात काही वाटत नाही, मध्यंतरानंतर कंबर बोलू लागते. टाचा उंच असलेले किंवा पातळ तळव्यांचे बूट घालून जाऊ नये. आणि गुडघे ताठ ठेवून एका जागी उभं राहू नये, हे विशेष सांगतो. पायांचे स्नायू हलले नाहीत तर रक्त पायांत साचतं, डोक्याकडे कमी जातं आणि चक्कर येते. ग्लोबमध्ये लोक बेशुद्ध पडल्याच्या बातम्या येतात. 2014 साली ‘टायटस अँड्रॉनिकस’च्या रक्तरंजित प्रयोगात असं बऱ्याच जणांचं झालं आणि वर्तमानपत्रांनी त्याचं खापर दृश्यांवर फोडलं. दृश्यं भयंकर होतीच, पण उकाडा, रिकामं पोट आणि ताठ गुडघे यांनीही चक्कर येणं सोपं होतं. आधी नीट जेवून जा, पाणी जवळ ठेवा, आणि एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत राहा. डोळ्यांपुढे अंधारी आलीच तर लाजू नका, दाराशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाकडे सरळ चालत जा. त्यांना याची सवय असते.

दुसरा तोटा पाऊस. प्रयोग पावसात चालूच राहतो, पावसासाठी पैसे परत मिळत नाहीत आणि यार्डात छत्री उघडता येत नाही, कारण मागच्यांना दिसत नाही. टोपी असलेला रेनकोट घरूनच न्या. एक बारीक गोष्ट: गॅलरीच्या भिंतीला चिकटून उभं राहिलं तर गवती छपराच्या कडेखाली थोडा आडोसा मिळेल असं वाटतं, पण सगळं पाणी त्याच कडेवरून ओघळतं. जोराचा पाऊस असेल तर मोकळ्या आकाशाखाली जरा पुढे सरकलेलं बरं. उन्हाची गोष्ट वेगळी. रंगमंचाचं तोंड ईशान्येकडे आहे, त्यामुळे दुपारच्या प्रयोगाला नट सावलीत आणि समोरचा प्रेक्षक सूर्याकडे तोंड करून असतो. हे यार्डाला लागू आहे तसं समोरच्या गॅलरीलाही, म्हणजे खांबांच्या दृष्टीने जी जागा उत्तम तिथेच दुपारी डोळ्यांवर ऊन येतं. काठ असलेली टोपी यार्डात घालताना मागच्याचा विचार करावा. पुढे झाप असलेली साधी टोपी बरी.

यार्डात कुठे उभं राहायचं, याला मात्र वेळ द्यायला हवा. बहुतेक जण धावत जाऊन रंगमंचाला चिकटतात. तिथे कोपरं टेकायला मिळतात, नट हाताच्या अंतरावर असतात, तुमच्याकडे बघून बोलतात, कधी तुमची टोपीही उचलतात. पण रंगमंच साधारण छातीच्या उंचीचा आहे, त्यामुळे मान वर करून बघावं लागतं आणि मागे भिंतीशी काय चाललंय ते कमी दिसतं. मला सगळ्यात आवडते ती रंगमंचाची बाजू, पुढच्या कोपऱ्याच्या थोडं मागे. टेकायला कडा मिळते, खांबाला वळसा घालून बघता येतं, आणि पात्रं समोरच्या प्रेक्षकांशी बोलत असताना त्यांना ऐकणाऱ्या इतर पात्रांचे चेहरे दिसतात. शेक्सपिअरच्या नाटकांत ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पुष्कळ काही घडत असतं. ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये तर लपून ऐकण्यावरच सगळं उभं आहे. ही जागा हवी असेल तर दारं उघडण्याच्या आधी अर्धा तास रांगेत लागा. उशिरा पोचलात तर मागच्या भिंतीला पाठ लावून उभं राहा. लांब वाटतं, पण नाही. सगळं थिएटर सुमारे 100 फूट व्यासाचं आहे, आवाज स्पष्ट येतो. फक्त वरून हेलिकॉप्टर गेलं की एखादी ओळ हरवते, आणि ती बाकावरही हरवते.

संध्याकाळच्या प्रयोगालाही ग्लोबमध्ये अंधार करत नाहीत. नट आणि प्रेक्षक एकाच उजेडात असतात. बाकावरून हे छान दिसतं, यार्डात ते लागू होतं. स्वगत म्हणणारा नट खरोखर कुणाला तरी विचारतोय, आणि तो कुणीतरी आपण आहोत, हे तिथे कळतं. ‘ज्युलियस सीझर’सारखी जमावाची दृश्यं असली तर यार्डच रोमचा जमाव होतं, पात्रं वाट काढत आपल्यातून जातात. बाकावरच्या प्रेक्षकाला हे चित्र उलट अधिक पूर्ण दिसतं, हेही कबूल करायला हवं. युद्ध, मिरवणूक आणि शेवटचा नाच, जो ग्लोबमध्ये शोकांतिकेनंतरही होतो, वरून बघायला मधल्या मजल्यासारखी जागा नाही.

लहान मुलं बरोबर असतील तर बाक घ्या, आणि पहिल्या रांगेतला. यार्डात मागे उभं राहिलं तर त्यांना माणसांच्या पाठी दिसतात, पुढे नेलं तर रंगमंचाची कडा त्यांच्या डोक्याच्या वर येते. गुडघे किंवा कंबर आधीच त्रास देत असेल, गरोदर असाल, रक्तदाब कमी राहत असेल, तर खांब सोसावा पण बसावं. व्हीलचेअर किंवा तत्सम सोय हवी असेल तर ऑनलाइन नकाशावर जागा शोधत बसण्यापेक्षा बॉक्स ऑफिसशी थेट बोलणं बरं.

नाटकाची लांबीही बघा. ‘हॅम्लेट’ सगळ्यात मोठं, ‘रिचर्ड तिसरा’ही लांब. ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ सगळ्यात छोटं, आणि शोकांतिकांत ‘मॅक्बेथ’ आटोपशीर. दिग्दर्शक काटछाट करतात, म्हणून प्रयोगाची अंदाजे वेळ संकेतस्थळावर बघून ठरवा. पावणेतीन तासांपेक्षा जास्त असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्याला यार्ड सुचवताना मी जरा कचरतो. विनोदी नाटकाला मात्र बिनदिक्कत सुचवतो. यार्डातलं हसू एकातून दुसऱ्यात जातं, आणि पायांची आठवणही मागे पडते.

संपूर्ण हंगामाचं बुकिंग करताना मी असं करतो. हंगाम जाहीर झाला की सभासदांचं बुकिंग आधी उघडतं, मग सर्वांसाठी. पहिल्या काही दिवसांत फक्त एकच बाक घ्यायचा: सगळ्यात लांब नाटकासाठी, मधल्या मजल्यावर, बरोबर समोर, पहिली किंवा शेवटची रांग, आणि संध्याकाळचा प्रयोग, म्हणजे डोळ्यांवर ऊन नाही. नकाशावर ‘मर्यादित दृश्य’ असं लिहिलेली जागा स्वस्त असते, पण तिथे मर्यादा म्हणजे बहुधा खांबच. त्यापेक्षा यार्ड घेऊन काही पौंड वाचवणं मला शहाणपणाचं वाटतं. बाकीच्या नाटकांच्या तारखा नुसत्या वहीत लिहून ठेवायच्या आणि यार्डाची तिकिटं हवामानाचा अंदाज आल्यावर, दोन-तीन दिवस आधी काढायची. शनिवारची संध्याकाळ आणि एखादा गाजलेला नट असलेला प्रयोग यांना हे लागू नाही, तिथे यार्डही भरतं, तेव्हा ती तिकिटं बाकाबरोबरच काढून टाका. हंगामाच्या सुरुवातीची नाटकं मे महिन्यात बघायची असतील तर रात्री नदीवरचा वारा थंड असतो, अंगावर एक थर जास्त ठेवा. सप्टेंबरातही तसंच.

हिवाळ्यात त्याच आवारातल्या सॅम वानामेकर प्लेहाउसची तिकिटं निघतात तेव्हा हा सगळा हिशोब बदलतो. ते 2014 साली उघडलेलं, मेणबत्त्यांच्या उजेडातलं, छपराखालचं छोटं थिएटर आहे. तिथे मी खालच्या पिटमधला, म्हणजे रंगमंचासमोर तळमजल्यावरचा, बाक घेतो. उभं राहण्याच्या जागा वरच्या मजल्यावर कडेला असतात. तिथून हलून खांब टाळण्याची सोय नाही, आणि छतावरून सोडलेली मेणबत्त्यांची झुंबरं वरून बघताना नेमकी नटांच्या डोक्यांपुढे येतात.