ठराव खरा होता, झोन मात्र बदललाच नव्हता

गेल्या आठवड्यात आमच्या वाड्यावरची एक सून मोबाईल घेऊन आली. "बाई, आमचा सर्व्हे नंबर गॅझेटात, म्हणजे सरकारी राजपत्रात आलाय, बघा ना." तिने दाखवलेला फोटो म्हणजे छापील पानाचा एक तुकडा होता. त्यावर सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, 'ऑर्चर्ड' (बागायतीचा झोन) आणि त्यापुढे 'सेटलमेंट' (घरं बांधता येतात तो झोन), एवढंच. दीड वर्षापूर्वी असाच कापलेला फोटो मला आला होता, आणि त्यासाठी मी दीड लाख रुपये मोजले होते. घरातली गोष्ट चारचौघांत नको म्हणून आजवर गप्प होते. आता लिहिते.

मी डिचोली तालुक्यातली, सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं, चिऱ्यांचं. मागे विहीर, विहिरीपलीकडे काजूची दहा-बारा झाडं. एकच सर्व्हे नंबर, एकच एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा विहिरीमागे दोन खोल्या आणि न्हाणीघर काढायचं ठरवलं. पण प्रादेशिक आराखडा २०२१ च्या नकाशात झोनची रेघ नेमकी विहिरीजवळून जाते. घर आणि अंगण सेटलमेंटमध्ये, मागचा भाग ऑर्चर्डमध्ये. गोव्यात अशी कितीतरी घरं आहेत. ऑर्चर्डमध्ये फार्महाऊस बांधायचं तर किमान ४००० चौरस मीटर जमीन लागते. आमच्याकडे सगळी मिळून साडेसहाशे.

मागचा भाग सेटलमेंटमध्ये आणून देतो म्हणून जो आला तो माझाच विद्यार्थी. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. अक्षर सुंदर. आता पंचायत, मामलेदार कचेरी, डिचोली-पणजी असं लोकांच्या कामांसाठी फिरतो. २०२४ च्या चवथीला पाया पडायला आला, मागचा भाग पायांनी मोजून पाहिला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही कशाला धावपळ करता? आधी पंचायतीचा ठराव घेऊ, मग पणजीचं मी बघतो." फाईल उघडायला म्हणून १५,००० रुपये त्याच दिवशी दिले.

माझा अर्ज पंचायतीच्या पंधरवड्याच्या बैठकीत खरोखर आला. सचिवांनी तो वाचून दाखवला, एका पंचाने झाडांबद्दल विचारलं, सरपंचांनी मान डोलावली. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते. आठ दिवसांनी ठरावाची प्रत हातात आली. शिक्का खरा, सही खरी. मजकूर असा: 'सदर अर्ज विचारात घेण्यात आला व पुढील कार्यवाहीसाठी नगर नियोजन खात्याकडे पाठवावा असे ठरले.' तो म्हणाला, "बाई, मंजूर झालं." आणि मीही त्या ओळीत मंजुरीच वाचली. जन्मभर मुलांना वाक्याचा अर्थ नीट लावायला शिकवलं, आणि 'विचारात घेण्यात आला' याचा अर्थ 'मान्य केला' होत नाही हे मला त्या दिवशी दिसलं नाही. याचं दुःख पैशांपेक्षा जास्त आहे.

पंचायतीला झोन बदलण्याचा अधिकारच नाही. झोन हा १९७४ च्या नगर नियोजन कायद्याखालचा विषय आहे. पंचायत बांधकाम परवाना देते, आणि तोही अगदी शेवटी. आधी जागा सेटलमेंटमध्ये हवी, मग जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खाली जमीन बिगरशेती करण्याची, म्हणजे रूपांतराची सनद, मग नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आणि त्यानंतर पंचायत. त्याने मला हा क्रम उलटा सांगितला. कारण पंचायतीत अर्ज वाचला जाणं सोपं असतं, आणि आपल्याच सरपंचांच्या तोंडून आपलं नाव ऐकलं की माणसाचा धीर वाढतो.

पुढे 'तांत्रिक खर्च' म्हणून ६०,००० गेले. ते यूपीआयने, त्याच्या भाच्याच्या नावावर. मग त्याने कलम ३९-अ चं नाव काढलं. हे कलम २०२४ मध्ये त्याच नगर नियोजन कायद्यात आलं. त्याखाली झोन बदलण्याचा प्रस्ताव सरकारी गॅझेटात छापतात आणि लोकांना हरकती घ्यायला ३० दिवस देतात. एवढं त्याने खरंच सांगितलं. गॅझेटात नाव यायला दीड लाख लागतात, हे त्याच्या पदरचं. ते रोख दिले. मुलाच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडली.

जानेवारीत फोटो आला. सर्व्हे नंबर आमचा, पोटविभागही आमचा. मी देवाला साखर ठेवली आणि दोन ट्रक चिरे उतरवून घेतले.

मार्चमध्ये तो तोंड पाडून आला. "हायकोर्टाने सगळं थांबवलं, बाई. पैसे वर अडकले." मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा निकाल त्या महिन्यात आला होता, पेपरात मीही वाचला होता. पण तो निकाल त्याच कायद्याच्या कलम १७(२) बद्दलचा, म्हणजे आराखड्यातली चूक दुरुस्त करायची म्हणून झोन बदलण्याबद्दलचा. त्यात त्या कलमाखालचे नियम रद्द झाले. आमचं प्रकरण तर त्याच्याच सांगण्याप्रमाणे ३९-अ चं होतं. हा फरक मला इंजिनिअरने दाखवून दिला. वाढीव खोल्यांचा प्लॅन काढण्याआधी त्याने एकच गोष्ट मागितली: "बाई, स्वतः जाऊन झोनिंग दाखला, म्हणजे जागा कोणत्या झोनमध्ये आहे त्याचा दाखला, काढून आणा."

तालुक्याच्या नगर नियोजन कार्यालयात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हेचा नकाशा जोडून अर्ज दिला. दाखला मिळाला त्यावर लिहिलं होतं: अंशतः सेटलमेंट, अंशतः ऑर्चर्ड. म्हणजे होतं तसंच. तिथल्या बाईंनी माझ्यासमोर रजिस्टर चाळलं. पंचायतीचं पत्र तेवढं आलेलं होतं. झोन बदलाचा अर्ज कधी दाखलच झाला नव्हता.

त्या रात्री मुलाने त्या तारखेचं अख्खं गॅझेट इंटरनेटवरून उतरवून घेतलं. ते सगळ्यांना फुकट पाहता येतं. पान सापडलं. आमचाच नंबर होता, पण शेजारच्या रकान्यात गाव दुसरं आणि तालुका सासष्टी. सर्व्हे नंबर प्रत्येक गावात एकपासून सुरू होतात, त्यामुळे तुमचा नंबर दुसऱ्या गावातही असू शकतो. फोटो कापताना गावाचा रकाना मुद्दाम बाहेर ठेवला होता. कोणी असा तुकडा दाखवला तर आधी गावाचं नाव मागा, आणि ते पान स्वतः उघडून बघा. सरकारी शुल्क भरलं म्हणाला तर तुमच्या नावाचं चलन मागा. माझ्याकडे २,२५,००० रुपयांपैकी एकाचंही चलन नाही.

माहिती हक्काखाली १० रुपये भरून विचारलं, तेव्हा खात्याने या सर्व्हे नंबरबाबत कोणताही प्रस्ताव नाही असं लेखी कळवलं. ते उत्तर, अख्खं गॅझेट पान, त्याचा कापलेला फोटो आणि भाच्याच्या खात्यात गेलेल्या ६०,००० ची नोंद, एवढं घेऊन पोलिसांत तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा नोंदला आहे. रोख दिलेल्या पैशांची नोंद नाही, त्यामुळे ते सिद्ध करणं अवघड जातंय. त्याची आई ४०,००० घेऊन आली होती. तिलाही मी ओळखते, शाळेच्या पालकसभेला न चुकता यायची. पैसे घेतले आणि पावती लिहून दिली. तक्रार मागे घेतलेली नाही.

वाड्यावरच्या त्या सुनेने अजून फक्त पहिले १५,००० दिले आहेत. सोमवारी आम्ही दोघी तालुक्याला झोनिंग दाखल्याचा अर्ज द्यायला जाणार आहोत.