काचबिंदू ‘मुळापासून बरा’ करणाऱ्यांनी बाबांची नजर नेली

माझे बाबा ७१ वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. सहा वर्षांपूर्वी नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू असल्याचं सांगितलं आणि तेव्हापासून रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सुरू झाला. मागच्या दिवाळीनंतर तो थेंब सात महिने बंद होता. त्या काळात डाव्या डोळ्याची जी नजर गेली, ती आता परत येणार नाही. हे कसं घडलं ते लिहिते आहे, कारण ती माणसं दुसऱ्या कुठल्या तरी वस्तीत पुन्हा टेबल मांडतील, याची मला खात्री आहे.

मानेवाड्याकडच्या एका समाजभवनात ‘मोफत नेत्रतपासणी शिबिर’ होतं. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी कोणीतरी बाबांना सांगितलं, आणि आई-बाबा दोघंही गेले. आत पांढरा कोट घातलेला एक तरुण, टेबलावर लॅपटॉप आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता. बाबांनी शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचलं. मग त्यानं डोळ्यांत कसलासा अर्क घालून त्यांना दहा मिनिटं डोळे मिटून बसवलं आणि तोच तक्ता पुन्हा वाचायला लावला. या वेळी शेवटची ओळही आली. “पाहा काकाजी, नस मोकळी झाली तुमची. ते इंग्रजी औषध नस सुकवून राहिलं होतं. आजपासून बंद करा.” तीन महिन्यांचा कोर्स ९,६०० रुपये, तोही रोख. पावती साध्या कागदावर. फेब्रुवारीत त्यांचा माणूस घरी येऊन दुसरा कोर्सही देऊन गेला. एकूण १९,२०० रुपये गेले. पैशांचं दुःख आता मला उरलेलं नाही.

त्या तक्त्याबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं, कारण सगळी फसवणूक त्याच्यावर उभी होती. काचबिंदूत बहुतेक वेळा आधी कडेची नजर जाते. समोरचं, मधलं दिसणं अगदी उशिरापर्यंत शाबूत राहू शकतं. म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस अर्धी खराब झालेला माणूसही तक्त्यावरची बारीक अक्षरं घडाघडा वाचू शकतो, पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो. त्यात तोच तक्ता दहा मिनिटांत दुसऱ्यांदा वाचायला दिला, तर अक्षरं निम्मी पाठच असतात.

दुसरी गोष्ट आम्हा सगळ्यांना फसवून गेली. बाबांच्या जुन्या थेंबांनी डोळे थोडे लाल राहायचे. त्या औषधाचा तो नेहमीचा त्रास आहे. थेंब बंद झाले, तसा आठ-पंधरा दिवसांत लालपणा गेला. आई म्हणाली, “किती साफ दिसून राहिले हो डोळे तुमचे!” मलाही तसंच वाटलं. डोळ्याच्या आत पाण्याचं प्रेशर चढत होतं आणि आम्ही बाहेरून डोळे पांढरे झाले म्हणून खूश होतो. काचबिंदूच्या या नेहमीच्या प्रकारात ना दुखत, ना खुपत.

मे महिन्यात जेवताना बाबांच्या डाव्या हाताचं पाण्याचं भांडं दोनदा सांडलं. मग स्कूटर फाटकाला घासली, तीही डावीकडूनच. जूनमध्ये सीताबर्डीत रस्ता ओलांडताना डावीकडून ऑटो आला. मी दंड धरून मागे ओढलं, तर म्हणाले, “हा आला कुठून?” ऑटो चांगला हॉर्न वाजवत आला होता. “बाबा, तुम्हाला दिसलाच नाही का?” “अगं, मस्त दिसून राहिलं मला सगळं.” आणि ते खोटं बोलत नव्हते. डॉक्टरांनी नंतर समजावलं की, गेलेल्या भागात काळा डाग दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं चित्र ओढून ती जागा भरून टाकतो. म्हणून रोगी तक्रारच करत नाही.

थेंब चालू असताना डोळ्यांचं प्रेशर १६-१७ (पाऱ्याचे मिलिमीटर) असायचं. ऑटोच्या प्रसंगानंतर बाबांना पुन्हा जुन्या डॉक्टरांकडे नेलं, त्या दिवशी उजव्याचं २६ आणि डाव्याचं ३१ निघालं. साधारण १० ते २१ हे सर्वसामान्य मानतात, पण ज्याची नस आधीच दुखावली आहे त्याला २१ सुद्धा जास्त होऊ शकतं. मग फील्ड टेस्ट, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी झाली. एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूला बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर बसले होते. डाव्या डोळ्याच्या वेळी बराच वेळ बटणाचा आवाजच आला नाही. बाबा शांतपणे वाट पाहत बसले होते. डॉक्टरांनी आदल्या वर्षीचा कागद आणि हा कागद शेजारी-शेजारी ठेवले. जुन्यावर कडेला करडी छटा होती, नव्यावर काळी कमान, म्हणजे तिथली नजर गेलेली.

डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हेत) नीट वाहून गेलं नाही की प्रेशर वाढतं आणि मागची नस हळूहळू मरते. मेलेला भाग कोणत्याही थेंबानं, लेझरनं, ऑपरेशननं जिवंत होत नाही. मोतीबिंदूत भिंग बदललं की दिसायला लागतं. लोक इथेच गल्लत करतात, आणि या भामट्यांचं तेवढ्यावरच फावतं. काचबिंदूत उपचार म्हणजे प्रेशर खाली ठेवून उरलेली नजर राखणं, तेही जन्मभर. ‘बरा करतो’ म्हणणारा खोटंच बोलतो. १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्यात ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत काचबिंदूचं नाव आहे. त्यांचं पत्रक आमच्या फ्रिजवर चुंबकानं लावलेलं होतं. बाटलीवर ना बॅच नंबर, ना मुदतीची तारीख, ना बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक. हे मी जुलैत पाहिलं, नोव्हेंबरात पाहायला हवं होतं. आता त्यांचा फोन बंद लागतो. लेखी तक्रार दिली आहे, बाटली आणि पत्रक जपून ठेवलं आहे.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “लालीचा त्रास होता तर मला सांगायचं, औषध बदलून दिलं असतं.” आता दोन औषधं आहेत. दुसरं देण्याआधी त्यांनी दम्याचं विचारून घेतलं, कारण काही थेंब दमेकऱ्यांना चालत नाहीत. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, दोन थेंबांत पाच मिनिटांचं अंतर ठेवायचं. रात्रीच्या औषधाची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची. आमची पूर्वी मेच्या उन्हातही खिडकीत असायची. प्रेशर सध्या १५ आहे. नाही टिकलं तर ऑपरेशन. काचबिंदू घराण्यातून येऊ शकतो म्हणून मी आणि भावानंही डोळे तपासून घेतले.

बाबा सांगतात, त्या दिवशी समाजभवनात पन्नास-साठ जण तरी होते. त्यांच्या पुढे रांगेत हिरवं नऊवारी नेसलेल्या एक आजी होत्या, एकट्याच आलेल्या, डावा हात भिंतीला लावून चालणाऱ्या. त्यांनीही जुने थेंब तिथेच टेबलावर सोडून नवी बाटली घेतली. मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर भागात त्या कोणाच्या आई-आजी असतील, तर त्यांना या आठवड्यातच मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे नेऊन प्रेशर मोजून घ्या.