सेसना १७२एस मधला इंजिन मॉनिटर, आठ महिन्यांनंतर: दोन लिटर वाचले, पण कुणाचे?

आधी तक्रार. मॉनिटर (इंजिनाची तापमानं आणि इंधनाचा फ्लो, म्हणजे प्रवाह, मोजणारं यंत्र) म्हणतो ३६.४ गॅलन जळालं. टाक्या पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायला लागतं १३२ लिटर, म्हणजे ३४.९ गॅलन. (पंप लिटरमध्ये, मॉनिटर गॅलनमध्ये, ३.७८५ हा आकडा पाठच करून ठेवा.) फरक चार टक्क्यांचा. आणि मिक्श्चर (हवा-इंधनाचं प्रमाण) पीक ईजीटीवर, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान सर्वांत जास्त होतं तिथे, लावलं की सेसनाच्या हँडबुकप्रमाणे पल्ला किती वाढतो? चारच टक्के! मोजणाराच तेवढा चुकत असेल तर वाचलं काय नि उडालं काय, कळणार कसं? बसवणाऱ्यांनी के-फॅक्टर (फ्लो सेन्सरच्या स्पंदांवरून गॅलन काढण्याचा आकडा) कंपनीतून आला तसाच सोडलेला, आणि विचारलं तर "थोडं इकडेतिकडे होतंच". एवढे पैसे मोजल्यावर होता कामा नये.

दुरुस्तीला मात्र दमडी लागत नाही. विमान प्रत्येक वेळी त्याच सपाट जागी उभं करायचं आणि भरताना सिलेक्टर (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी कळ) बोथवर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, न ठेवता लेफ्ट किंवा राइटवर ठेवायचा. बोथवर राहिला तर इंधन एका टाकीतून दुसरीत सरकतं आणि पातळी फसवते. मग जुना के-फॅक्टर गुणिले मॉनिटरचा आकडा, भागिले खरं भरलेलं: २९.०० × ३६.४ ÷ ३४.९ = ३०.२५. एका भरण्यावर विसंबू नका, तीन भरण्यांच्या बेरजेवर काढा. काही मॉनिटरांत हाच आकडा हजारांत असतो, हिशेब तोच. नवा आकडा लॉगबुकात लिहून ठेवा, कारण सॉफ्टवेअर अपडेटनंतर तो पुन्हा तपासावा लागतो.

आता मुख्य काम. हँडबुकातले क्रूझचे तक्ते ५० अंश फॅरनहाइट रिच ऑफ पीक (इंधन जास्त, एक्झॉस्ट पीकपेक्षा ५० अंश थंड) धरून आहेत, आणि पीकवर गेलं की वेग साधारण ३ नॉट उतरतो. समजा ६५ टक्के पॉवरच्या आसपास ११३ नॉट आणि ताशी ८.९ गॅलन असेल, तर पीकवर ११० नॉट आणि ८.३ च्या जवळपास. ताशी दोन लिटरांहून थोडी जास्त बचत. हे सगळं ७५ टक्के पॉवर किंवा त्याखालीच, त्यावर लीन करायचं (इंधन कमी करायचं) नाही. गंमत म्हणजे सिलिंडर हेड सर्वांत तापतं ते पीकच्या साधारण ४० अंश रिच बाजूला, म्हणजे तक्त्यातल्या त्या ५० अंशांच्या अगदी शेजारी. ६५ टक्क्यांवर त्यानं बिघडत नाही, पण वैशाखात ७५ टक्क्यांवर त्याच जागी बसून राहणं शहाणपणाचं नाही. सीएचटी (सिलिंडर हेडचं तापमान) ४०० अंशांच्या आत ठेवा, रेडलाइन ५०० असली तरी.

पहिले तीन महिने मत असं होतं की चार सिलिंडरांचा वेगवेगळा ईजीटी हा फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) प्रोपेलरच्या विमानात निव्वळ शोभेचा. पीकजवळ गेलं की इंजिन थरथरायचं, आणि दोष १७२ च्या स्वभावाला दिला जायचा. हे मत मागे घेतो. ५,५०० फुटांवर ६५ टक्के लावून मिक्श्चरची मूठ अगदी सावकाश फिरवत बाहेर घेतली आणि प्रत्येक सिलिंडर कितीच्या फ्लोवर (ताशी गॅलन) पीक होतो ते टिपलं: पहिला ८.१, दुसरा ८.३, तिसरा ८.२, चौथा ८.९. अंतर ०.८ गॅलन. ०.५ च्या आत असेल तर ठीक. चौथा सगळ्यांच्या आधी पीक होतो, म्हणजे तोच सर्वांत लीन. बाकीचे पीकवर येईपर्यंत तो पार पलीकडे गेलेला असतो. थरथर त्याची.

कारणं दोनच संभवतात. इनटेकच्या जोडात गळती असेल तर फरक थ्रॉटल कमी केल्यावर वाढतो, कारण तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा खूप कमी असतो आणि फटीतून हवा ओढली जाते. सिलिंडरला इंधन देणारं नॉझल तुंबलं असेल तर फरक जास्त फ्लोवर ठळक होतो. इथे दुसरं निघालं. चारही नॉझल काढून, द्रावणात भिजवून, चार सारख्या बाटल्यांत फ्लो ताडून मेकॅनिकनं बसवली. चौथा आला ८.३ वर, अंतर उरलं ०.२. थरथर गेली. दाबावर चालणारा जुना फ्लोचा काटा नॉझल तुंबल्यावर उलट जास्त फ्लो दाखवतो, त्याच्या भरवशावर हे कधीच सापडलं नसतं.

एक ईजीटी अचानक वर आणि त्याच सिलिंडरचा सीएचटी थोडा खाली, तर प्लग बघा. एकच ईजीटी वेडावाकडा नाचतोय आणि सीएचटी जागेवर, तर प्रोब (तापमान मोजणारा सेन्सर). शेजारच्या प्रोबशी वायर बदलून खात्री होते.

आता पैशांचं. २०० नॉटिकल मैलांना पीकवर साधारण अडीच लिटर वाचतात आणि तीन मिनिटं जास्त लागतात. विमान तुमचं असेल तर लिटर तुमचे. इंधनासकट ताशी भाड्यानं घेतलं असेल तर वाचलेलं इंधन मालकाचं आणि जादा तीन मिनिटांचं बिल तुमचं. भाडेकरूनं आकडेमोड करूनच मिक्श्चरला हात लावावा. जमिनीवर टॅक्सी करताना मात्र सगळ्यांनी लीन करा, नाहीतर अ‍ॅवगॅसमधलं (विमानाच्या पेट्रोलमधलं) शिसं प्लगवर बसतं. इतकं लीन करा की तसंच विसरून थ्रॉटल पुढे ढकलला तर इंजिननं खोकून आठवण करून द्यावी.