एमएससाठी रिटुक्सिमॅब: मिरजेत सलाईनमधून मिळणाऱ्या औषधाचं परीक्षण

मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते त्या एमएस या आजाराचं निदान झालं की सांगली-मिरज भागातल्या घरांत दोन नावं फिरू लागतात. एक डॉक्टरांच्या तोंडून येतं: दर सहा महिन्यांनी सलाईनमधून घ्यायचं रिटुक्सिमॅब. दुसरं व्हॉट्सअॅपवरून येतं: स्टेम सेलचं पॅकेज. इथे परीक्षण आहे ते रिटुक्सिमॅबचं. पॅकेजचा विषय मध्ये येईलच, कारण पुष्कळ कुटुंबं या दोन्हींची तुलना करूनच निर्णय घेतात आणि ती तुलना बहुतेक वेळा चुकीच्या आकड्यांवर होते.

बॉक्स उघडला की पहिला धक्का माहितीपत्रकाचा बसतो. त्यात लिम्फोमा, रक्ताचा कर्करोग, संधिवात असं लिहिलेलं असतं, एमएसचं नावही नसतं. नातेवाईक घाबरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. रिटुक्सिमॅब रक्तातल्या बी पेशींवरच्या सीडी20 या प्रथिनाला चिकटतं आणि त्या पेशी संपवतं. मज्जातंतूंवरच्या आवरणावर हल्ला करण्यात याच पेशींचा मोठा हात असल्यामुळे औषध एमएसमध्ये चालतं. मूळ कंपनीने एमएसच्या मंजुरीसाठी लागणारे मोठे प्रयोग रिटुक्सिमॅबवर न करता त्याच जातकुळीतल्या नव्या ओक्रेलिझुमॅबवर केले आणि 2017 साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळवली. म्हणून पत्रकात नाव नाही. पुरावा मात्र आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली एमएससाठी जी तीन औषधं अत्यावश्यक यादीत घातली त्यांत क्लॅड्रिबीन आणि ग्लाटिरामरच्या जोडीला रिटुक्सिमॅब आहे. भारतात 2007 पासून त्याची देशी बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतीजुळती) आवृत्ती मिळते, त्यामुळे ते परवडण्याच्या जवळ तरी आलं.

आता पुरावा. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 104 रुग्ण होते. काहींना रिटुक्सिमॅब दिलं, काहींना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं सलाईन. 24 आठवड्यांत औषधवाल्यांपैकी 14.5 टक्के जणांना एमएसचा अटॅक आला (म्हणजे आजार अचानक उसळला; हृदयाचा अटॅक नव्हे), बिनऔषधवाल्यांपैकी 34.3 टक्के जणांना. हा दुसरा आकडा उलटा करून बघा: ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांतल्या सुमारे 65 टक्के लोकांना त्या काळात अटॅक आलाच नाही. एमएसचा अटॅक बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरतो, आणि माणूस नवा उपचार शोधतो तो नेमका सगळ्यात वाईट दिवसांत. त्यामुळे त्या वेळी जे काही घेतलं असेल, त्याला गुण आल्यासारखं वाटतं. ‘आमच्या पाहुण्यांना फरक पडला’ हे खरंच असतं, पण तो फरक औषधाने पडला की आजाराच्या स्वभावाने, हे तुलनेचा गट नसेल तर कोणालाच सांगता येत नाही. उपचाराची माहिती देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: ज्यांना हे दिलं नाही, त्यांचं काय झालं?

दुसरा प्रयोग स्वीडनमधला, 2022 सालचा, 200 रुग्णांचा. आमच्या मते रोजच्या निर्णयाला हाच जास्त उपयोगी, कारण इथे तुलना बिनऔषधाच्या सलाईनशी नव्हती. डायमिथाइल फ्युमरेट या चांगल्या गोळीशी होती. दोन वर्षांत रिटुक्सिमॅबवरच्या 3 जणांना अटॅक आला, गोळीवरच्या 16 जणांना. जाहिरातीच्या भाषेत याला ‘80 टक्के घट’ म्हणतील, आणि ते खोटं नाही. घरात बसून विचार करायचा तर असं मांडा: गोळीऐवजी सलाईन निवडणाऱ्या साधारण आठ जणांपैकी एकाचा दोन वर्षांतला अटॅक टळतो. बाकी सात जणांना त्या काळात तसाही आला नसता किंवा तरीही आला असता. या प्रयोगाची एक मर्यादाही आहे. कोणतं औषध चालू आहे हे रुग्णांना माहीत होतं. तपासणाऱ्यांना माहीत नव्हतं.

जिथे औषध कमी पडतं तेही सांगायला हवं. सुरुवातीपासून हळूहळू वाढत जाणाऱ्या, अटॅक न येणाऱ्या एमएसवर 2009 साली 439 रुग्णांचा प्रयोग झाला. 96 आठवड्यांनी अपंगत्व वाढलेल्यांचं प्रमाण बिनऔषधवाल्यांत 38.5 आणि रिटुक्सिमॅबवाल्यांत 30.2 टक्के निघालं, आणि हा फरक योगायोगानेही पडू शकला असता. तरुण आणि एमआरआयमध्ये रंग धरणारे ताजे डाग असलेल्यांत थोडा फायदा दिसला. गेलेली ताकद परत आणण्याचं काम हे औषध करत नाही, पुढचं नुकसान अडवतं. ‘सहा महिने झाले, चालणं तसंच आहे’ ही तक्रार घेऊन औषध बंद करणारे म्हणून चूक करतात.

स्टेम सेलच्या माहितीपत्रकांत दोन वेगळ्या उपचारांची गफलत असते. रक्तातल्या मूळ पेशी काढून ठेवायच्या, केमोने रोगप्रतिकारशक्ती पुसून टाकायची आणि पेशी परत द्यायच्या, या उपचाराचे आकडे खरोखर दमदार आहेत. 2019 च्या 110 रुग्णांच्या प्रयोगात प्रत्यारोपणानंतर 3 जणांचा आजार वाढला, औषधांवरच्या 34 जणांचा वाढला. (त्या औषधांत ओक्रेलिझुमॅब नव्हतं, हेही लक्षात ठेवा.) पण त्यासाठी प्रत्यारोपणाची सोय असलेलं मोठं रुग्णालय, काही आठवड्यांचा मुक्काम आणि केमोचे सगळे धोके लागतात. पॅकेजमध्ये विकतात त्या असतात चरबीतून, हाडाच्या मगजातून किंवा नाळेतून घेतलेल्या मेसेनकायमल पेशी. दोन-तीन इंजेक्शनं आणि घरी. त्यांवरच्या 144 रुग्णांच्या प्रयोगात, 2021 साली, एमआरआयमधले ताजे डाग कमी झाले नाहीत. आकडे पहिल्याचे दाखवायचे आणि इंजेक्शन दुसरं द्यायचं, असा हा प्रकार आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा पेशी मंजूर प्रयोगाबाहेर देणं हा गैरव्यवहार आहे. मोठी रक्कम मागत असतील तर प्रयोगाची नोंदणी कुठे आहे, एवढंच विचारा.

हळदीच्या गावात हळदीतल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांचा विषय निघणारच. एमएसमध्ये त्याने अपंगत्व थांबल्याचा भरवशाचा पुरावा नाही. जेवणातली हळद खुशाल खा. बायोटिन या जीवनसत्त्वाचं उदाहरण जास्त शिकवणारं: 2016 च्या छोट्या प्रयोगात ते चाललं, 2020 च्या 642 रुग्णांच्या प्रयोगात सुधारणा झालेले बायोटिनवर 12 आणि बिनऔषधाच्या गोळीवर 9 टक्के, म्हणजे नाहीच. शिवाय एवढ्या मोठ्या डोसमुळे थायरॉईड आणि हृदयाच्या ट्रोपोनिनचे रिपोर्ट चुकीचे येतात.

सलाईनची तारीख घेण्याआधी निदान पक्कं हवं. एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) आणि मॉग हे डोळ्यांच्या नसा आणि मणक्यातल्या मज्जारज्जूवर येणारे वेगळे आजार एमएससारखेच दिसतात. एनएमओमध्ये इंटरफेरॉन आणि फिंगोलिमॉड या एमएसच्या औषधांनी प्रकृती बिघडते, तर रिटुक्सिमॅब तिथेही वापरतात. म्हणून दोन्ही डोळ्यांवर परिणाम झाला असेल किंवा मणक्यात लांबलचक डाग असेल तर अॅक्वापोरिन-4 आणि मॉग या अँटिबॉडींची रक्ततपासणी सेल-बेस्ड पद्धतीने झाली आहे का, हे विचारा. बाकी तपासण्यांत नेहमी राहून जाते ती हिपॅटायटिस बी कोअर अँटिबॉडी. नुसती एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीची नेहमीची तपासणी, निगेटिव्ह आली म्हणून भागत नाही, कारण यकृतात दबून बसलेला विषाणू बी पेशी गेल्यावर उसळतो आणि यकृत निकामी होऊ शकतं. टीबीसाठी छातीचा एक्स-रे आणि रक्ताची इग्रा तपासणी, एचआयव्ही, हिमोग्राम, आयजीजी या संरक्षक अँटिबॉडीची पातळी. न्यूमोनिया, फ्लू, हिपॅटायटिस बी यांच्या लसी निदान चार आठवडे आधी; नंतर घेतल्या तर अंगात प्रतिकार नीट तयार होत नाही.

पहिल्या सलाईनचा हिशोब प्रत्येक नातेवाइकाला करता यायला हवा. 1000 मिलिग्रॅम म्हणजे 500 च्या दोन कुप्या, एकूण 100 मिली. 500 मिलीच्या सलाईनमधून 100 मिली काढून त्या घातल्या की एका मिलीत 2 मिलिग्रॅम होतं. अर्धा तास आधी पॅरासिटामॉल, अॅलर्जीविरोधी इंजेक्शन आणि 100 मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन. मग ताशी 50 मिलिग्रॅम, म्हणजे पंपावर 25 मिली. दर अर्ध्या तासाला 50 मिलिग्रॅमने वाढवत कमाल ताशी 400. साडेतीन तासांत 700 जातं, उरलेलं 300 पाऊण तासात. एकूण सव्वाचार तास. पहिलंच सलाईन दोन तासांत संपवू म्हणणारं ठिकाण टाळा. घसा खवखवणं, थंडी वाजणं, पुरळ, रक्तदाब उतरणं हे बहुधा पहिल्या दोन तासांत होतं, कारण मोठ्या संख्येने बी पेशी एकदम फुटतात. सिस्टरला लगेच सांगायचं; सलाईन थांबवतात, त्रास उतरला की निम्म्या वेगाने पुन्हा लावतात. रक्तदाबाची गोळी त्या सकाळी घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. पुढचा 500 चा डोस, पहिला सुरळीत गेला असेल तर, दोन तासांत उरकतो. जत किंवा विट्याहून येणाऱ्यांनी पहिल्या वेळी मात्र संध्याकाळच्या शेवटच्या एसटीवर भिस्त ठेवू नये.

कुपी बाहेरच्या मेडिकलमधून आणायची असेल तर थर्माकोलच्या डब्यात, 2 ते 8 अंशांत. गोठवलेला जेल पॅक कुपीला थेट टेकला तर औषध गोठतं आणि वाया जातं. मध्ये पुठ्ठा किंवा जाड कापड ठेवा. हलवायची नाही, फेस येतो. बॅच नंबरचं लेबल फाइलमध्ये चिकटवून घ्या. या औषधावर सरकारी कमाल किंमत आहे, तरी दुकानागणिक भाव बदलतो. दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नका.

पुढे दर डोसआधी हिमोग्राम आणि आयजीजी. वर्षानुवर्षांच्या वापराने आयजीजी खाली जातं, मग छातीचा आणि लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो; तेव्हा डोस लांबवायचा की थांबवायचा हे डॉक्टर ठरवतात. एप्रिल-मे मध्ये पाय जड होणं, नजर धूसर होणं हे पुष्कळदा उन्हाने किंवा तापाने असतं. अंग थंड झालं, ताप उतरला की जातं, त्याला औषध फेल गेलं म्हणू नये. 24 तासांहून जास्त टिकलेलं नवं लक्षण मात्र त्याच दिवशी दाखवायचं, आणि आधी लघवीची तपासणी करून घ्यायची.

विमा कंपन्या पत्रकात एमएस नाही म्हणून दावा नाकारू शकतात. डॉक्टरांच्या लेटरहेडवर निदान, औषध निवडण्याचं कारण आणि 2023 च्या अत्यावश्यक यादीचा उल्लेख एवढं सलाईनआधीच लिहून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एमएस आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घेता येते. सोबत एमआरआयचा रिपोर्ट आणि न्यूरोलॉजिस्टचं पत्र न्या.