घरच्या अंदाजपत्रकाचे अकरा महिने : कीर्द, खतावणी आणि एक वेगळे बचत खाते

एप्रिल २०२५ पासून आम्ही घरचे अंदाजपत्रक गूगल शीटवर ठेवत आहोत. पुण्यातील आम्हा तिघांच्या कुटुंबात आम्हा दोघांच्या पगाराचे मिळून हातात ८४,००० रुपये येतात आणि त्यांतील २३,५०० गृहकर्जाच्या हप्त्याला जातात. त्याआधी सहा महिने मी बँकेचे संदेश वाचून खर्चाची आपोआप वर्गवारी करणारे एक ॲप वापरले होते. नवऱ्याने सासूबाईंना पाठवलेले पैसे ॲपने ‘खरेदी’त टाकले आणि सोसायटीचा मेंटेनन्स ‘मनोरंजना’त. चुका दुरुस्त करण्यातच वेळ जाऊ लागला, तेव्हा ते काढून टाकले.

शीटची मांडणी मी वडिलांकडून घेतली. ते कापडाच्या दुकानात हिशेब लिहीत आणि ‘आधी कीर्द, मग खतावणी’ हे त्यांचे वाक्य लहानपणी इतक्यांदा ऐकले होते की शीटच्या दोन पानांना मी तीच नावे दिली. कीर्दीत घडेल त्या क्रमाने नोंद होते : तारीख, रक्कम, खाते (म्हणजे खर्चाचा प्रकार), शेरा. खतावणीत एका सूत्राने प्रत्येक खात्याची महिन्याची बेरीज आपोआप येते आणि तिच्या शेजारी ठरवलेली रक्कम दिसते. फोनवर शीटच्या बारीक चौकटींत लिहिणे जिकिरीचे होते, म्हणून एक गूगल फॉर्म करून त्याचा शॉर्टकट दोघांच्याही फोनवर ठेवला. फॉर्म भरला की नोंद थेट कीर्दीत जाते. भाजीवाल्यासमोर उभे राहूनही ती दहा-बारा सेकंदांत होते.

पहिल्या महिन्यात हप्ता आणि किराणा सोडल्यास सर्वांत मोठे खाते निघाले ते ‘इतर’ : ७,४०० रुपये. औषधे, शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेला थर्माकोल, केस कापणे आणि मुख्य म्हणजे लग्नमुंजींचे आहेर, सारे त्यात कोंबलेले होते. मे महिन्यात चार लग्ने झाल्यावर ‘आहेर व देणीघेणी’ हे स्वतंत्र खाते काढावे लागले. तयार नमुन्यांत हे खाते मला कुठेच दिसले नव्हते आणि आमच्याकडे तर ते विजेच्या बिलापेक्षा मोठे आहे. पन्नास टक्के गरजांना, तीस हौसेला आणि वीस बचतीला, या प्रसिद्ध नियमाचेही तसेच झाले. हप्ता, शाळा, विमा आणि किराणा यांतच साठ टक्क्यांच्या वर रक्कम जाते, तेव्हा त्या नियमाने आम्हाला अपराधी वाटण्यापलीकडे काही मिळाले नाही.

खरा उपयोग झाला तो वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांची यादी केल्यावर. आयुर्विमा २४,०००, आरोग्यविमा २१,६००, शाळेची फी दोन हप्त्यांत ४८,०००, मालमत्ता कर ९,६००, दोन्ही दुचाकींचा विमा आणि सर्व्हिसिंग ९,०००, गणपती-दिवाळी ३०,०००, शिमग्याला गावी जाणे १३,८००. बेरीज १,५६,००० रुपये, म्हणजे महिन्याला बरोबर १३,०००. यातला एकही खर्च अचानक येणारा नव्हता, तरी दरवर्षी जूनमध्ये आम्ही क्रेडिट कार्डाचा आधार घेत असू. आता दर महिन्याच्या २ तारखेला १३,००० रुपये आपोआप एका वेगळ्या बचत खात्यात जातात आणि या खात्याचे यूपीआय आम्ही मुद्दामच सुरू केलेले नाही. आवर्ती ठेवीचाही विचार केला होता, पण मध्येच पैसे काढायचे तर ठेव मोडावी लागते. थोडे व्याज गेले तरी साधे बचत खातेच सोयीचे वाटते.

या पद्धतीत एक खोट आहे आणि ती आधी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. बारावा भाग बाजूला टाकण्याचे गणित वर्षाअखेरीस जुळते, मधल्या महिन्यांत जुळेलच असे नाही. आमच्याकडे मेमध्ये मालमत्ता कर, जूनमध्ये फीचा पहिला हप्ता, ऑगस्टमध्ये आयुर्विमा आणि २७ ऑगस्टला गणपती आले. तोवर जमा ६५,००० आणि खर्च ६६,६००. सुरुवातीलाच एक-दीड महिन्याची जादा रक्कम त्या खात्यात टाकली असती तर ओढाताण झाली नसती. दिवाळीतही आम्ही ३,२०० रुपयांनी घसरलो, पण २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला होता आणि मूळ हप्ता वाढला नव्हता, त्यामुळे डिसेंबरमध्ये २१,६०० ऐवजी १८,३०५ भरावे लागले आणि ते भगदाड बुजले. हे आमचे कौशल्य नव्हे.

जुलैत मी अठरा दिवस नोंदी केल्या नाहीत. बँकेच्या उताऱ्यावरून सारे जुळवता येईल असे वाटले होते, पण उताऱ्यात दुकानाऐवजी माणसांची नावे येतात. आमच्या भाजीवाल्याचे खाते त्याच्या पत्नीच्या नावावर आहे, हे मला तेव्हा कळले. यूपीआय लाइटने, म्हणजे फोनमध्ये आधी भरून ठेवलेल्या पैशांतून, केलेले छोटे खर्च तर उताऱ्यात दिसतच नाहीत, दिसते ती फक्त त्यात भरलेली एकरकमी रक्कम. दोन संध्याकाळी डोके खाजवल्यावर २,१५० रुपये ‘तफावत’ म्हणून लिहिले आणि पुढे गेले. वडिलांना हे आवडले नसते, पण पै-पैच्या हट्टापायी वहीच बंद पडण्यापेक्षा ते बरे.

नवऱ्याचा आक्षेप निराळा होता. ‘टपरीवरच्या चहाचाही हिशेब द्यायचा का?’ असे त्याने पहिल्याच आठवड्यात विचारले. त्यानंतर दोघांना दरमहा ३,००० रुपये बिनहिशेबी ठेवले; त्यांबद्दल कोणी कोणाला विचारायचे नाही. भांडणे थांबली आणि त्याच्या बाकीच्या नोंदी माझ्याहून नियमित होऊ लागल्या. फेब्रुवारीच्या पगारात व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापला जातो, हेही त्यानेच आधी लक्षात आणून दिले.

माझ्या बहिणीने हीच शीट दोन महिने वापरून सोडून दिली. तिचे शिवणकाम आहे, लग्नसराईत हाताला उसंत नसते आणि पावसाळ्यात मशीन झाकून ठेवलेले असते. अशा मिळकतीत दर २ तारखेला ठरावीक रक्कम बाजूला काढणे तिला शक्य नव्हते. ती आता प्रत्येक ऑर्डरच्या पैशांतून पाचवा हिस्सा काढते आणि वहीतच लिहिते.

शाळेने पुढच्या वर्षीची फी ५४,००० कळवली आहे. दिवाळीचा आकडाही आम्ही या वेळी खरा, म्हणजे वाढवून धरला, त्यामुळे एप्रिलपासून बाजूला टाकायची रक्कम १३,८०० होईल. वाढलेले ८०० रुपये कोणत्या खात्यातून कमी करायचे यावर अजून आमचे एकमत झालेले नाही.