खोक्यावरचे आठशे वॅट

चातुर्मासात लग्ने नसल्यामुळे मंगल कार्यालये रिकामी असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत त्यांच्या दारांवर ‘कंपनी स्टॉक क्लिअरन्स सेल’चे फ्लेक्स लागतात. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी लातुरात बार्शी रोडवरील एका कार्यालयात असाच आठ दिवसांचा सेल लागला होता. तेथून मी ८,५०० रुपयांना गाणी ऐकण्याचा एक छोटा संच विकत घेतला आणि पुरता फसलो. माझ्यासारख्याच बेताच्या पैशांत असा संच घेऊ पाहणाऱ्यांसाठी तो प्रकार जसा घडला तसा लिहीत आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. निवृत्तीनंतर सकाळी दीड-दोन तास शास्त्रीय गाणे निवांत ऐकावे, एवढीच इच्छा होती. जुना टू-इन-वन (रेडिओ-टेप) केव्हाच थकला होता, आणि मोबाइलच्या स्पीकरवर तानपुऱ्याची डासासारखी गुणगुण तेवढी ऐकू येते. नाथराव नेरळकरांचे गाणे समोर बसून ऐकलेल्या माणसाला ते सहन होत नाही. खोली दहा बाय बारा फुटांची आणि खर्चाची मर्यादा १२,००० रुपयांची होती. गंजगोलाईच्या परिसरातील दोन दुकानांत मी चौकशी केली, तेव्हा ‘४० वॅट’, ‘६० वॅट’ असे आकडे सांगण्यात आले. त्यानंतर सेलमध्ये गेलो, तर तेथील प्रत्येक खोक्यावर हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत ‘८०० वॅट’ असे छापलेले होते, छापील किंमत २४,९९० रुपये होती आणि ती लाल पेनाने खोडून खाली ८,५०० लिहिलेले होते.

तेथील तरुण अत्यंत अदबीने बोलत होता. “सर, तुम्ही फक्त ऐका, घेऊ नका,” असे म्हणून त्याने टेबलावरील संचावर ढोलताशाचे एक गाणे मोठ्या आवाजात लावले. कार्यालयाची फरशी थरथरली. शेजारी त्याने मुद्दाम एका नामांकित कंपनीचा संच ठेवला होता, तो मात्र किंचित हळू वाजवला. दोन आवाजांपैकी जो थोडा मोठा असतो तोच कानाला अधिक चांगला वाटतो, हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी मी मान डोलावली. माझ्या मोबाइलमधील एखादा ख्याल लावून पाहावा असे मी सुचवले, तेव्हा ब्लूटूथ जोडले जात नसल्याचे त्याने सांगितले. घरी न्यायचे खोके उघडून दाखवण्याची विनंती केल्यावर “सील तुटलं की वॉरंटी जाते, सर,” हे उत्तर मिळाले. या दोन्ही ठिकाणी मी पाय मागे घ्यायला हवा होता.

पहिले काही दिवस संच वाजला, पण विलंबित ख्यालातील तबल्याचा बायाँ नुसता ‘ढब’ असा उमटत असे. त्याचा घुमारा, हाताने दाबून नेलेली त्याची मींड यांतले काहीच ऐकू येत नव्हते. आवाजाचे बटण अर्ध्यावर नेले की गायकाचा वरचा षड्ज फाटू लागे. तिसऱ्या आठवड्यात एका बाजूने सतत गुरगुर सुरू झाली, म्हणून मी संच रिक्षात घालून रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या आमच्या ओळखीच्या वृद्ध कारागिराकडे नेला. त्यांना सगळे मामू म्हणतात.

मामूंनी मागचे सहा स्क्रू काढले आणि काही न बोलता पेटी माझ्याकडे वळवली. समोरून प्रत्येक पेटीला तीन स्पीकर दिसत होते. मागून पाहिल्यावर त्यांपैकी एकाच, मधल्या चार इंची स्पीकरला लोहचुंबक आणि वायर होती. वरचा चकचकीत ट्विटर (बारीक, उंच सुरांचा स्पीकर) म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेली प्लॅस्टिकची वाटी होती, आणि खालच्या चंदेरी वूफरच्या (खर्जाच्या स्पीकरच्या) मागे केवळ पोकळी होती. पेटीच्या तळाशी मुठीएवढा सिमेंटचा गोळा डिंकाने बसवलेला होता. खोके उचलताना ‘माल वजनदार आहे’ असे माझ्या मनात आले होते, ते या गोळ्यामुळे. मामूंनी ती वाटी नखाने टिचकवली आणि म्हणाले, “सर, ये बजनेका नै, दिखनेका है.”

त्यानंतर त्यांनी अडॅप्टर उलटा करून माझ्यासमोर धरला. त्यावर ‘१२ व्होल्ट, २ अँपिअर’ एवढेच लिहिलेले होते. विद्युत शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा, हे सूत्र मी वर्षानुवर्षे दहावीच्या फळ्यावर लिहिले आहे. बारा दुणे चोवीस. अडॅप्टरकडून जेमतेम २४ वॅट मिळणारा संच सलग ८०० वॅट बाहेर टाकू शकत नाही, कारण ऊर्जा आयत्या वेळी कोठून निर्माण होत नाही. खोक्यावरील आठशेच्या आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘पीएमपीओ’ (क्षणभराच्या कमाल शक्तीचा दावा) असे छापलेले होते, ते घरी आल्यावर भिंगातून वाचले. हा आकडा मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही, त्यामुळे ज्याला जो हवा तो आकडा छापता येतो. पाहायचे असते ते प्रत्येक चॅनेलचे, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचे, आरएमएस वॅट (सलग मिळणारी शक्ती), आणि तेही ज्या अडॅप्टरवर किंवा वीजपुरवठ्यावर संच चालतो त्याच्याशी ताडून. मी ते ताडले नाही, याची मला पैसे गेल्यापेक्षा जास्त लाज वाटते.

यातली चीड आणणारी बाब अशी की, माझ्या खोलीला खरे २४ वॅटसुद्धा पुष्कळ झाले असते. एक वॅटवर एक मीटर अंतरावर ८६ डेसिबल देणारा साधा स्पीकर घेतला, तर शक्ती दुप्पट करावी तेव्हा कोठे ३ डेसिबल वाढतात. म्हणजे २ वॅटला ८९, ४ वॅटला ९२, ८ वॅटला ९५. आठ वॅटवरच शेजारी भिंत ठोकतील. तेव्हा स्पीकर संवेदनशील आहे का, म्हणजे एका वॅटवर किती डेसिबल देतो, पेटी भक्कम आहे का, हे विचारण्याऐवजी मी वॅट विचारत बसलो आणि विकणाऱ्याने मला हवा तो आकडा दिला.

तक्रार करायला गेलो, तेव्हा दुसरी चूक उघडी पडली. माझ्याकडे होती ती कच्ची पावती: तारीख, रक्कम आणि एक रबरी शिक्का. त्यावर पत्ता नव्हता, जीएसटी क्रमांकही नव्हता. वास्तविक ज्याचे राज्यात कायमचे दुकान नाही अशा फिरत्या विक्रेत्याला उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते; क्रमांक पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातील नोंदणीचा २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर जागच्या जागी तपासता येतो. पैसे देताना क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी एका व्यक्तीचे नाव आले होते, तेही मी पाहून न पाहिल्यासारखे केले. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा क्रमांक असणे २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर यांपैकी काहीच नव्हते, फक्त किंमत होती. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही नव्हता. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून पाहायला एक मिनिट लागते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी फोन केला. बोलणाऱ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विक्रेत्याचे नाव व पत्ता विचारला. माझी गाडी तेथेच अडली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही, पण तक्रार कोणाविरुद्ध करायची हे माहीत असावे लागते. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाने बुकिंग करणाऱ्याचा जो क्रमांक दिला तो बंद होता. मी गेलो तेव्हा तेथे तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या तिथीसाठी खुर्च्या पुसणे चालू होते.

पुढे मामूंच्या ओळखीने वापरलेला, प्रत्येक चॅनेलला २० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर मिळून ७,००० रुपयांना घेतले. घेण्याआधी माझ्या मोबाइलमधलाच ख्याल हळू आवाजात लावून वीस मिनिटे ऐकला. बायाँ बोलतो.

मागच्या आठवड्यात भाच्याने उदगीरहून एका फ्लेक्सचा फोटो पाठवून विचारले, “मामा, हा सेट घेऊ का?” विक्रेत्याचे नाव वेगळे आहे, खोके तेच आहे, खोडलेली किंमतही तीच आहे. आकडा मात्र आता १,२०० वॅट झाला आहे. मी त्याला अडॅप्टरचा फोटो मागितला आहे.